बांधापासून एकशे नव्वद फूट

रणजितच्या थोरल्या लेकीचं, रेश्माचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. लग्न निरवांगीत, दारातच लावलं. बारामतीचा मांडववाला सामान घेऊन आला आणि ओढ्याकडचं सपाट रान बघून टेम्पो तिकडं घालायला निघाला. रणजितची आई कुशाबाई हात हलवत ओरडली, "आरं तिकडं नगो! तिकडं नगो!" पण त्याच्या गाडीत गाणं वाजत होतं. भर फेब्रुवारीत, कुठं थेंबाचा पाऊस नसताना, टेम्पोची मागची चाकं बुडापर्यंत चिखलात गेली. मग व्याह्यांच्या देखत ट्रॅक्टर लावून टेम्पो ओढला. नवरदेवाचा मामा म्हणाला, "पाव्हणं, रान हाय का तळं?"

रणजितच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. पाहुणे गेल्यावर तो बापाला म्हणाला, "आबा, दिवाळी झाली की पोकलेन आणतो. त्या खालच्या तुकड्यात तळंच काढतो. मासं सोडू. निदान लोक म्हणत्यात ते खरं तरी हुईल."

खालचा तुकडा दोन एकराचा. पूर्वेला कालव्याची सिमेंटची चारी, पश्चिमेला बांध आणि बांधाच्या पलीकडं धाकट्या भावाचं, रावजीचं रान. खाली ओढा. एके काळी त्या रानात ऊस असा यायचा, की आत शिरलेला माणूस हाक मारल्याशिवाय सापडत नव्हता. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं मुरत गेलं, खालचे क्षार वर आले आणि रान मेलं. वरून पांढरं मीठ फुटलेलं, पाय टाकला की घोट्याएवढा चिखल.

रणजितचा बाप, आप्पासाहेब, तळ्याचं नाव काढलं की ताटावरून उठायचा. कुशाबाईला तर ते ऐकवतच नव्हतं. त्या रानात तिनं सून म्हणून उसाच्या कांड्या दाबल्या होत्या. रान नापीक झालं तर झालं, आज ना उद्या सुधारेल. पण एकदा पोकलेननं खणून प्लास्टिकचा कागद अंथरला, की ते पुन्हा रान होत नाही. तिला दिवाळीच्या आत ते रान वाचवायचं होतं, आणि वाचवायचा एक रस्ता तिला ठाऊक होता.

रणजित बारामतीला बोर्डिंगात राहून दहावी करत होता, त्या उन्हाळ्यात विद्यापीठाचे एक उंच साहेब आले होते. त्यांनी कालव्याकाठची अशी बिघडलेली रानं प्रयोगाला घेतली. जमिनीच्या पोटात भोकाभोकाचे पाईप पुरले. सगळ्या पाईपांचं पाणी एका सिमेंटच्या चेंबरात यायचं आणि तिथून ओढ्यात. पाच-सहा वर्षं रान पुन्हा हिरवं झालं होतं. पुढं साहेबांची बदली झाली, ओढ्याला दोनदा पूर आला, चेंबर गाळाखाली गेलं, पाईप तुंबले. चेंबर सापडलं, त्यातला गाळ काढला, तर पाणी पुन्हा वाट धरील, एवढं कुशाबाईला कळत होतं.

पण चेंबर होतं कुठं? आप्पासाहेबाला विचारावं, तर तो लगेच हात करायचा. "हितं. अगदी हितंच." आणि दर वेळी हात वेगळ्या दिशेला.

"अवो, काल तर त्या बाभळीकडं दावलं तुमी."

"मग बाभळ हितंच हाय की!"

"बाभळ तिकडं हाय. तुमी उलटं उभं हाय."

धाकटी नात उत्कर्षा बारामतीला शेतकी कॉलेजात शिकत होती. गणपतीच्या सुट्टीत ती घरी आली आणि हे ऐकून म्हणाली, "आज्जी, त्या साहेबांनी मोजलेलं सगळं कुठंतरी असणार. आता विद्यापीठं जुनी मोजणी, नकाशे, सगळं इंटरनेटवर खुलं ठेवतात. कुणीही घ्यावं. पैसे नाहीत, परवानगी नाही."

"कुलूपबी न्हाय?"

"नाही. फक्त कोठार लई मोठं आहे. साऱ्या जगाचं. हातानं शोधत बसलं तर म्हातारी होईन. त्यासाठी पायथन नावाच्या कम्प्युटरच्या भाषेत एक पॅकेज, तयार प्रोग्राम, मिळतं. आपण चार ओळी लिहायच्या, काय पाहिजे, कुठलं पाहिजे. ते कोठारात जातं, शोधतं आणि उचलून आणतं."

"सोसायटीच्या गोदामातल्या शिपायावानी."

"हो, तसंच."

"मग झालं की कल्याण," कुशाबाई म्हणाली. सोसायटीचा शिपाई तिनं बघितलेला होता. खताचं पोतं मागितलं तर आधी साहेब जेवायला गेलेत म्हणायचा.

आणि हा शिपाई त्याच्यावर ताण निघाला. आधी तर तो कामावर यायलाच तयार होईना. उत्कर्षाच्या लॅपटॉपवर लाल अक्षरांच्या ओळीवर ओळी यायला लागल्या. पॅकेजला नवं पायथन पाहिजे होतं. नवं पायथन घातलं, तर कॉलेजच्या कामाची दुसरी पॅकेजेस रुसली. त्यांची समजूत काढली, तर हे पुन्हा अडून बसलं.

"जावयावानी हाय," कुशाबाई म्हणाली. "एका जावयाला पाट दिला की दुसऱ्याचं तोंड वाकडं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पॅकेज एकदाचं बसलं. उत्कर्षानं निचऱ्याचं इंग्रजी नाव घालून विचारलं. क्षणात हजारो नोंदी आल्या. आप्पासाहेब खुर्ची ओढून पुढं सरला. पहिल्या नोंदी परदेशातल्या शहरांच्या गटारांच्या होत्या. नंतरच्या माणसाच्या कानातून पू येतो, त्याच्या.

"कानाचं काय करायचंय आपल्याला?" आप्पासाहेब म्हणाला.

"आबा, त्यालाही निचराच म्हणतात."

"त्याला सांग, जमिनीचा."

उत्कर्षानं जमिनीचा सांगितलं. आता इजिप्त आलं, ऑस्ट्रेलिया आलं, पाकिस्तानातला पंजाब आला. भारत म्हणून सांगितलं, तर हरियाणा आला. आप्पासाहेब दर नोंदीला विचारायचा, "ह्ये का?" आणि उत्कर्षा दर नोंदीला म्हणायची, "नाही आबा." विसाव्या वेळी तिचा आवाज चढला. मग आप्पासाहेब उठून अंगणात गेला आणि तिथून विचारायला लागला, "ह्ये का?"

तेवढ्यात तिला युक्ती सुचली. पॅकेजला नकाशावरचा चौकोन सांगता येत होता. या चौकोनाच्या आतली मोजणी असेल तेवढीच आण, बाकी कोठाराला हात लावू नको. निरवांगी, कळस, सांगवी, सगळं आत येईल असा चौकोन तिनं आकड्यांत लिहिला. थोड्याच नोंदी आल्या. पण उघडून बघितलं, तर सगळे मासे. थंड समुद्रातले मासे, त्यांची लांबी, वजन, पोटात काय सापडलं ते.

रणजित नुकताच डेअरीवरून आला होता. त्यानं मागून वाकून बघितलं आणि जो हसत सुटला. "बघा आबा! मी म्हणत हुतो तर माझ्यावर डाफरत हुता. आता कम्प्युटरबी म्हणतोय, मासंच पाळा!"

उत्कर्षानं कपाळाला हात लावला. चौकोनाचे अक्षांश-रेखांशाचे आकडे तिनं उलटे घातले होते. आधी आडवा घालायचा तो उभा आणि उभा तो आडवा. निरवांगीच्या जागी उत्तर ध्रुवाजवळचा समुद्र लागला होता.

"निरवांगी कुठं आणि समुद्र कुठं! तुला एवढं पैसं घालून शिकवली ती ह्याच्यासाठी व्हय?" आप्पासाहेब अंगणातून ओरडला.

"आबा, तुम्हाला घरामागचं चेंबर सापडत नाही, आणि मला बोलता?"

कुशाबाईनं दोघांपुढं चहा आदळला. एक जण आकडा चुकतो, एक जण दिशा चुकतो, एक जण दात काढतो, आणि पोकलेन तर दिवाळीनंतर यायचंच आहे. तिला वाटलं, कुदळ घ्यावी आणि दोन एकर रान आपणच उकरून काढावं.

आकडे सरळ केले तरी पहिल्यांदा काही मिळालं नाही. उपग्रहानं काढलेले उसाचे फोटो, पावसाची मोजणी, आणखी काहीबाही. चौथ्या दिवशी उत्कर्षाच्या ध्यानात आलं, की जुनी मोजणी कोठारात चढवणाऱ्यानं ठिकाण लिहिताना गाव लिहिण्याचे कष्ट घेतले नसतील. तिनं चौकोन मोठा करून सगळा इंदापूर तालुका आत घेतला. आणि मिळालं! नीरेच्या कालव्याकाठची क्षारपड जमीन, पोटातल्या पाईपांचा प्रयोग, साल तेच. नोंदीतली जागा म्हणून इंदापूरच्या एसटी स्टँडाजवळ कुठंतरी टिंब ठेवलेलं.

"म्हंजे आपलं रान इंदापूरच्या स्टँडावर हाय," कुशाबाई म्हणाली. "बसा आता गाडीची वाट बघत."

फाइल उतरवून घ्यायलाही घरात रेंज नव्हती. उत्कर्षा गच्चीवर गेली, तिथूनही होईना, म्हणून पाण्याच्या टाकीवर चढून बसली. फाइल बरीचशी यायची आणि तुटायची. तुटली की पॅकेज पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. घर दोन पावलांवर असताना डोक्यावरची भरली घागर फुटावी तसं. टाकीखाली कुशाबाई उन्हात उभी राहून विचारत होती, "आलं का गं?" आणि वरून उत्तर येत होतं, "आज्जी, बोलू नको, बोललं की तुटतं!" बोलण्यानं काही तुटत नव्हतं. पण कुशाबाई गप्प राहिली आणि त्या खेपेला फाइल पुरी उतरली. मग मात्र लॅपटॉप उघडला, की कुशाबाई कुणालाच बोलू देईना.

त्या फाइलीत काय नव्हतं! प्रत्येक रानाचा गट नंबर, मातीचा कस, पाण्याचा खारेपणा, पाईपांची खोली. सातबाऱ्यावरचा आपला गट नंबर आप्पासाहेबाला तोंडपाठ होता, त्यामुळं आपली ओळ लगेच सापडली. चेंबरच्या रकान्यात मीटरमध्ये आकडा होता. उत्कर्षानं त्याचे फूट केले. ओढ्याच्या काठाला धरून, पश्चिमेच्या बांधापासून एकशे नव्वद फूट.

"व्हय, व्हय!" आप्पासाहेब एकदम उठून उभा राहिला. "मला आठवलं. सायबानं विचारलं हुतं, पक्की खूण कंची? तर मीच बांधावर पाय आपटून सांगितलं, ह्यो बांध. ह्यो काय कुठं हलणार हाय व्हय?"

रविवारी सकाळी रणजितनं टेप धरली. त्याला हौस नव्हती, पण आईनं सांगितलं होतं, की खड्डा घेऊन दे, न्हाय सापडलं तर तुझी पोकलेन आण, मी आडवी यायची न्हाय. ओढ्याकाठनं बांधापासून एकशे नव्वद फूट मोजले. पहार घातली, खड्डा घेतला, कमरेएवढा गेला. नुसता काळा चिखल. खड्डा रुंद केला, तरी नुसता काळा चिखल.

बांधाच्या पलीकडं रावजी आपल्या रानात बसून कोयत्याला धार लावत होता. दोघा भावांचं बोलणं तुटलेलं नव्हतं, पण कामापुरतंच होतं. त्याला कारण हाच बांध. रावजी दर साली नांगरटीला बांध कोरतो, असं आप्पासाहेब वीस वर्षं साऱ्या गावाला सांगत होता. ग्रामपंचायतीत सांगितलं, सोसायटीत सांगितलं, भाचीच्या साखरपुड्यात भर पंगतीत सांगितलं. रावजी उत्तर देत नव्हता. त्याचा अर्थ आप्पासाहेब असा लावायचा, की चोराला तोंड नसतं.

आता खड्डा मोकळा निघाला, आणि आप्पासाहेबाच्या डोक्यात उजेड पडला. "आरं, मोजणी बरोबर हाय! बांधच आपल्याकडं सरकलाय. ह्यानं खाल्लाय न्हवं? मग एकशे नव्वद कुठलं ऱ्हायलं? धा फूट कमी मोज. धा फूट तर सहज खाल्लं आसंल." हे तो मुद्दाम मोठ्यानं बोलला. पलीकडं धार लावण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

दहा फूट कमी मोजून दुसरा खड्डा घेतला. चिखल. आणखी अलीकडं तिसरा. त्यातही चिखल. रणजितनं पहार फेकली. "आबा, रान चाळणीवानी झालं. आता बास. मी पोकलेनवाल्याला फोन लावतो."

"थांब जरा," उत्कर्षा म्हणाली. ती बांधावर फतकल मारून लॅपटॉपच बघत होती. "पप्पा, यात आपल्या रानाची रुंदीही दिलेली आहे. चारीपासून बांधापर्यंत. तीनशे फूट. चारी तर सिमेंटची आहे, ती हललेली नाही. तिकडून उलटं मोजू. तीनशेतून एकशे नव्वद गेले, म्हणजे चारीपासून एकशे दहा." आणि मग तिनं खात्री म्हणून सगळी रुंदीच मोजायला लावली. टेप दोनदा धरली. दोन्ही वेळा एकच आकडा आला. "तीनशे अकरा! आज्जी, आपलं रान अकरा फुटांनी वाढलंय. चांगलंच आहे की!"

"गप बस," कुशाबाई म्हणाली.

पोरीला कळलं नव्हतं. पण बाकीच्यांना कळलं होतं. रणजित टेप गुंडाळायला लागला आणि गुंडाळतच राहिला. बांध कुणी खाल्ला, हे विचारायची गरज नव्हती. नांगर धरणाऱ्यानं दर साली एक तास, नांगराची एक ओळ, जास्त घ्यायचं, आधी बैलांनी, मग ट्रॅक्टरनं. बापाला वाटायचं, भाऊ खातो, तर आपण आपलं परत घेतो. पोराला वाटायचं, बाप म्हणतो तर खरंच असेल. आणि रावजी मागं मागं सरत गेला होता.

"मशिनीत चुकलंय," आप्पासाहेब म्हणाला. "ह्या मशिनीनं मला समुद्रातलं मासं दावलं. तिचं काय खरं धरायचं?"

"अवो, ती टेप हाय. मशीन न्हाय. टेपेला समुद्र दिसला का?"

"म्हंजे बांध मी खाल्ला म्हणतीस?"

"मी काय म्हणत न्हाय. चारीपास्नं मोजा आणि खणा."

"न्हाय खणायचं!" आप्पासाहेबाचा आवाज फाटला. "तितं खणायचं न्हाय. एकदा सांगितलं."

आता कुशाबाईला रडावं का हसावं कळेना. ज्या रानासाठी हा माणूस सात महिने ताटावरून उठत होता, ते रान परत मिळायला एक खड्डा हवा होता. त्या जागी चेंबर निघू नये म्हणून तोच आता पहार धरून बसला होता. चेंबर निघालं असतं तर रान वाचणार होतं आणि वीस वर्षांचं त्याचं बोलणं बुडणार होतं. तिनं त्याच्या हातातून पहार ओढून घेतली.

"बसा मग तुमी. रणजित, घे पहार. तळं करायचं तर नंतर कर, पण आज ह्यो खड्डा घेतल्याबिगर मी घरी येत न्हाय."

रणजितनं चारीपासून एकशे दहा फूट मोजले आणि खणायला घेतलं. मांडीएवढा खड्डा झाला आणि पहार खणकन वाजली. गाळ बाजूला केला. सिमेंटचं झाकण, त्याला गंजलेली कडी. झाकण उचकटलं, तर आत गळ्यापर्यंत गाळ. रणजित आत उतरून बादल्या भरायला लागला. दुपार कलली तेव्हा एका पाईपाच्या तोंडातून काळं, वास मारणारं पाणी करंगळीएवढ्या धारेनं यायला लागलं, मग मनगटाएवढ्या. उत्कर्षा ओरडली, "आज्जी, चालू झालं!" रणजित चिखलानं माखलेला, पण हसत होता. मासे त्याच्याही ध्यानात राहिले नव्हते.

रावजी कोयता ठेवून बांधाशी आला.

"घावलं का दादा?"

"घावलं," आप्पासाहेब जमिनीकडं बघत म्हणाला.

"किती फुटावर?"

आप्पासाहेब ओढ्याकडं बघत राहिला, जणू ओढा सांगणार होता.

"बांधापास्नं दोनशे एक," कुशाबाई म्हणाली. "पायजे हुतं एकशे नव्वद. अकरा फूट तुमचं आमच्यात हायेत भावजी."

रावजीनं मान हलवली. "अकरा? मला वाटलं नऊ असत्याल." एवढंच म्हणाला आणि कोयता घेऊन घराकडं गेला. कुशाबाईला वाटलं, त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वीस वर्षं याला ठाऊक होतं, आणि हा बाबा बोलला का नाही? बोलला असता, तर पंगतीत त्याची शोभा तरी झाली नसती. एकाला बोलणं थांबवता येत नाही, दुसऱ्याला सुरू करता येत नाही. एका आईची पोरं.

बांध मागं घ्यायचा म्हटल्यावर आप्पासाहेबाची चालढकल सुरू झाली. आधी म्हणाला, पाणी आटू दे. मग म्हणाला, दिवाळी होऊ दे. भाऊबीज झाली, तेव्हा गुडघा दुखायला लागला. कुशाबाईनं त्याला पुन्हा विचारलं नाही. तिनं चारीपासून टेप धरायला लावून तीनशे फुटांवर स्वतः खुंट्या ठोकल्या आणि रणजितला ट्रॅक्टर आणायला सांगितलं. रणजितनं जुना बांध मोडून नवा घातला, आईच्या नजरेखाली, खुंट्यांच्या ओळीत. आप्पासाहेब घरात गुडघ्याला तेल चोळत बसला होता. ट्रॅक्टरचा आवाज बंद झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "सरळ घातलाय का?"

"जाऊन बघा की."

तो गेला. बांधावर उभा राहिला. पलीकडून रावजीही आला होता आणि आपल्या पावलांनी अकरा फूट मोजत होता. एकदा मोजून झाल्यावर त्यानं पुन्हा मोजलं.

"बरोबर हायेत का?" आप्पासाहेबानं विचारलं.

"हायेत."

"मग दोनदा कशापायी मोजतुयास?"

"तुझा भरोसा न्हाय म्हणून," रावजी म्हणाला. आप्पासाहेबानं नव्या बांधावरचं एक ढेकूळ पायानं फोडलं. खाली चेंबरमधून ओढ्यात पाणी पडत होतं.

रावजीनं त्या अकरा फुटांत हरभरा पेरला. हिवाळाभर दोघे भाऊ बांधाच्या दोन बाजूंना उभे राहून बोलायचे. बोलणं कसलं, भांडणच. पाणी कुणी जास्त घेतलं, कारखान्याची ऊसतोडीची टोळी आधी कुणाकडं यायला पाहिजे. उत्कर्षा सुट्टीला आली की म्हणायची, "आज्जी, हे परत भांडतायत." कुशाबाई म्हणायची, "भांडू दे. पंगतीत तर न्हाय ना भांडत."

हरभरा काढून, झोडून घरात आला. त्यानंतर हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, तेरा एप्रिल दोन हजार पंचवीसला, सकाळी गोठ्यात धार काढताना रावजी वारले. त्यांचं वय त्र्याहत्तर होतं.